रेडिटवरच्या बंदाबद्दल, मित्रास पत्र

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार. २०२३ साली रेडिटवर, म्हणजे त्या चर्चागटांच्या वेबसाइटवर, एवढा बंद पाळला, त्यातून हाती काय लागलं, असं तू विचारलंस. फोनवर दोन वाक्यांत संपणारा विषय नाही, म्हणून सवडीने लिहितोय.

मुळात वाद पैशांचा. तोवर बाहेरची ॲपं रेडिटचा एपीआय, म्हणजे रेडिटवरचा मजकूर आपल्या ॲपमध्ये मागवायची सोय, फुकट वापरायची. एप्रिलमध्ये कंपनीने त्याला पैसे लावायचं जाहीर केलं आणि मेअखेरीस दर कळला: ५ कोटी कॉल्सना (ॲपने एकदा काही मागवलं की एक कॉल) १२,००० डॉलर. आयफोनवर रेडिट वाचायचं ‘अपोलो’ ॲप बनवणाऱ्या क्रिस्टियन सेलिगने हिशेब केला, तर वर्षाला २ कोटी डॉलर होत होते. नवे दर १ जुलैपासून, म्हणजे हातात जेमतेम महिना. कंपनीने आपल्या मालाचे पैसे मागितले तर माझी काही तक्रार नाही. पण एवढा दर आणि एवढी कमी मुदत म्हणजे सरळसरळ हुसकावणंच.

याच्या निषेधात १२ जूनला ८,०००हून जास्त सबरेडिट, म्हणजे रेडिटवरचे एकेका विषयाचे गट, बंद झाली. बंद करणारे मॉडरेटर कोण? शिवीगाळ नि स्पॅम निपटण्याचं काम वर्षानुवर्षं बिनपगारी करणारी माणसं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते ‘आर-ब्लाइंड’चं. दृष्टिहीनांचं हे सबरेडिट चालवणारे काही मॉडरेटरही दृष्टिहीन. त्यांचा फोन स्क्रीनवरचं वाचून दाखवतो, पण बटणाला आतून नाव दिलेलं नसेल तर तो नुसतं ‘बटण’ म्हणून पुढे सरकतो. ते पोस्ट काढायचं की माणसाला हाकलायचं, कळणार कसं? रेडिटच्या स्वतःच्या ॲपमध्ये अशा अडचणी होत्या, म्हणून ही मंडळी बाहेरच्या ॲपांवर विसंबून होती. ओरड झाल्यावर ‘रेडरीडर’, ‘डिस्टोपिया’ अशा मोजक्या ॲपांना सवलत मिळाली. हाती लागलं ते एवढंच, आणि तेही कंपनीच्या मर्जीवर. स्वतःचं ॲप आधी नीट करा आणि मग बाहेरच्यांचं दार लावा, एवढंही त्यांना सुचू नये याचा मला अजून राग येतो.

बंद फसला कारण बहुतेकांनी तो दोनच दिवसांचा असल्याचं आधीच सांगून टाकलं होतं. हेही वादळ निवळेल, असं रेडिटचे सीईओ स्टीव्ह हफमन यांनी कर्मचाऱ्यांना कळवलं. त्यानंतरही जे अडून बसले, त्यांना मॉडरेटरपदावरून काढण्याची तंबी मिळाली. ‘आर-पिक्स’ या फोटोंच्या सबरेडिटवाल्यांनी तर बंद उठल्यावर फक्त टीव्हीवरच्या विनोदवीर जॉन ऑलिव्हरचे फोटो लावायचा नियम केला! पण ३० जूनला ‘अपोलो’ बंद झालंच. मुदत न सांगता बसले असते तर निदान वाटाघाटीला बोलावलं असतं, असं मला वाटतं.

तुम्ही तिकडे बँकेचं ॲप करताय ना? एकदा अँड्रॉइड फोनमधलं स्क्रीन वाचून दाखवणारं टॉकबॅक चालू कर आणि डोळे मिटून त्यातून पैसे पाठवून बघ. कुठे अडलास ते मला सविस्तर कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
संजय