कथा गदिमांची, हेही सांगा!

संपादक महोदय,

'दो आँखें बारह हाथ'चा विषय निघाला की गाडी व्ही. शांताराम आणि त्यातल्या प्रार्थनेपुढे सरकत नाही. १९५७च्या या चित्रपटाला बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल मिळाले, राष्ट्रपतींचे सुवर्णपदकही मिळाले. बैलाशी झुंजताना शांतारामांच्या डोळ्याला झालेली इजा तर सर्वांना पाठ! पण सहा खुनी कैद्यांना तुरुंगाबाहेर नेऊन शेती करायला लावणाऱ्या जेलरची कथा ग. दि. माडगूळकरांची, हे किती जणांना ठाऊक असते? गदिमांचे माडगुळे आटपाडी तालुक्यातले; आणि औंध संस्थानाने १९३९ साली कैद्यांसाठी वसवलेली स्वतंत्रपूर ही खुली वसाहत त्याच आटपाडीजवळ. भिंती नसलेल्या तुरुंगाची कल्पना आली ती या मातीतून.

संध्याबाईंची खेळणीवाली मला आजही थोडी भडक वाटते (चाहत्यांनी रागावू नये), पण वसंत देसाईंच्या संगीताला आणि बाबूराव पेंढारकरांच्या संयत कामाला तोड नाही.

दूरचित्रवाणीवर हा चित्रपट पुन्हा दाखवताना निवेदकाने गदिमा आणि स्वतंत्रपूर यांच्याविषयी दोन वाक्ये तरी बोलावीत.

– एक वाचक, सांगली