ती. आई-बाबांना, वरच्या मजल्यावरच्या मुलीबद्दल

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

काल फोनवर आईला नीट बोलता येत नव्हतं. बाबांना ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर, खिडकीला लागून जिना, आणि जिन्यात भाडेकरूंची ये-जा. म्हणून हे लिहून दुपारच्या तपोवन एक्सप्रेसने येणाऱ्या मैत्रिणीच्या हाती देतेय. संध्याकाळी मिळेल. मुलीचं नाव मी लिहीत नाही, तुम्हीही कुणापुढे घेऊ नका.

आई, सोळा वर्षांची पोर, दिवस गेलेत म्हणून आपल्या आईच्या आधी तुझ्याकडे येऊन रडली. तू तिला चहा दिलास, ओरडली नाहीस, इतपत मला फोनवर कळलं. यापुढेही एवढंच सांभाळ. कोण, कुठे, किती वेळा हे तू विचारू नकोस. सांगावंसं वाटलं की ती सांगेल. मात्र "प्रेम होतं" असं ती म्हणते म्हणून सगळं तिच्या मर्जीनं झालं, असंही धरून चालू नकोस. आमच्या हॉस्पिटलच्या वॉर्डात मुली पहिल्या दिवशी एक सांगतात आणि आई बाहेर गेली की दुसरंच. हे विचारणं समुपदेशकाचं काम, तेही तिच्या एकटीशी.

आता घाईचं. पाळी चुकून दोन महिने झाले असं ती सांगते. डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे सोनोग्राफीत बारा-तेरा आठवडे निघतील. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलींना दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. त्यापुढे कोर्टाच्या पायऱ्या. वेळ आहे, पण नातेवाइकांच्या बैठका भरवण्याइतका नाही. आमच्याकडे सातव्या महिन्यात आलेल्या मुली पाहते तेव्हा चौकशीत हेच निघतं, की घरात कुणाला तरी माहीत होतं आणि ते कुणीतरी "बघू" म्हणत बसलं होतं.

तिचे मामा मेडिकलमधून गोळ्या आणतो म्हणतात. त्यांना बाबांनी स्पष्ट नाही म्हणावं. त्या गोळ्या डॉक्टरच्या देखरेखीखाली नऊ आठवड्यांपर्यंतच देतात. त्यापुढे घरात घेतल्या आणि रक्तस्राव थांबला नाही, तर मध्यरात्री जेल रोडवर रिक्षा शोधत बसावं लागेल.

बिटको हॉस्पिटल जवळ आहे, पण प्रेसमधल्या नोकरीची इतकी वर्षं म्हटल्यावर तिथे बाबांना ओळखणारे चौघे तरी भेटणारच, आणि पोरगी त्याच धास्तीने गप्प राहील. त्यापेक्षा सिटीलिंकच्या बसने सीबीएसला उतरा आणि त्र्यंबक रोडच्या सिव्हिल हॉस्पिटलला जा. स्त्रीरोग विभागात आधी सिस्टरला बाजूला घेऊन सांगा. किशोरवयीन मुलामुलींसाठी सरकारी दवाखान्यांत मैत्री क्लिनिक असतं, त्याचीही चौकशी करा. गर्भपातासाठी पालकाची लेखी संमती लागते, म्हणून तिच्या आईला आजच सांगावं लागेल. आई, हे तूच सांग, आणि मुलगी समोर नसताना सांग. पहिला हात उगारला जातो तो त्याच क्षणी. आणि संमती पालकाची लागते म्हणून निर्णय पालकाचा, असं नाही. तिला काय हवंय ते डॉक्टरांनी तिला एकटीला विचारलंच पाहिजे. तिच्या मनाविरुद्ध कुणी काही करायला लागलं, तर तुम्ही दोघं मध्ये पडा.

बाबा, पोलिसांचं तुम्ही विचारलंत. १८ वर्षांखालच्या मुलीची संमती कायदा धरत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, आणि कळूनही न कळवणं हाही त्यात गुन्हा आहे. हे बंधन फक्त डॉक्टरांवर नाही, आता तुमच्यावर आणि माझ्यावरही आहे. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला तरी चालतो, हॉस्पिटलही कळवतंच. मुलगा एकोणीस वर्षांचा, म्हणजे त्याच्यावर गुन्हा दाखल होणार, आणि गर्भ राहिलेला असल्याने तो जास्त गंभीर धरला जाणार. खरं सांगते, दोन कोवळ्या पोरांच्या बाबतीत हा कायदा मला फार बोथट वाटतो. त्याच्या भीतीने लोक मुली लपवतात आणि भोंदूंकडे नेतात. पण लपवून ठेवल्याचे हाल तिच्याच वाट्याला येतील. जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी, तेही गणवेशाशिवाय. गर्भपाताच्या वेळी मुलीने आणि पालकाने विनंती केली, तर डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव देण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. ही विनंती तुम्ही आठवणीने करायला लावा, घाबरलेल्या आईला ती सुचणार नाही.

आणि ते लग्न. "मुलगा तयार आहे, सिन्नरला देवळात उरकून टाकू", हे मामांचं म्हणणं तुम्हाला थोडं पटलंय, असं तुमच्या आवाजावरून वाटलं. लग्न लावल्याने गुन्हा पुसला जात नाही, उलट बालविवाहाचा आणखी एक वाढतो. मुलावर, ठरवणाऱ्यांवर आणि लावणाऱ्या भटजींवरही. बायको अठराच्या आत असेल तर "नवरा-बायको आहोत" हा बचाव चालत नाही, हे २०१७ मध्येच ठरलंय. कायद्याचं जाऊ द्या, मला राग वेगळ्याच गोष्टीचा येतो. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी शंभरात जवळपास बावीस जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्यातल्या कितीतरी जणी सोळा-सतराव्या वर्षी बाळंत होतात, रक्त सात-आठवर, बीपी वाढलेलं, कधी झटके येतात. गळ्यात मंगळसूत्र असतं म्हणून त्यांच्याबद्दल जिन्यात कुणी कुजबुजत नाही. तेच शरीर, तोच धोका, फक्त ते घरच्यांनी ठरवलेलं असतं. तुम्ही दर ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालता. त्यांनी आणि जोतीरावांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरात अडचणीतल्या बायकांसाठी बाळंतपणाची सोय केली, आणि तिथे जन्मलेला यशवंत दत्तक घेतला. तुम्हाला तर फक्त रिकामी खोली आणि दोन वेळचा डबा द्यायचाय.

तिला मूल जन्माला घालायचंच असेल, किंवा उशीर झालेला निघाला, तरी सगळं संपत नाही. बाळ बालकल्याण समितीकडे कायद्याने सोपवता येतं, आणि विचार बदलायला ६० दिवस मिळतात. घारपुरे घाटावरचा आधाराश्रम तुम्ही पाहिलाय. कॉलेज सुटलं तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी देता येते. हे तिला या आठवड्यातच सांगा, कारण शिक्षण संपलं हेच तिच्या डोक्यात घोळत असणार.

रात्री तिला एकटीला ठेवू नका. "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही बोलली, तर ते नाटक समजू नका. १४४१६ या मानसिक आधाराच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावून द्या, मराठीत बोलतात.

आणखी एक, बाबांसाठी. दादाच्या पोराला आता मिसरूड फुटलंय. गेल्या दिवाळीत टीव्हीवर निरोधची जाहिरात लागली की तुम्ही चॅनेल बदलत होतात आणि तो मोबाइलमध्ये बघून हसत होता. त्याच्याशी तुम्ही बोला. दादाला जमणार नाही, तो लाजेने मरेल. "नाही" म्हटल्यावर थांबायचं, आणि अठराच्या आतल्या मुलीच्या बाबतीत "हो" सुद्धा चालत नाही, हे तुम्ही सांगितलंत तर तो ऐकेल. तुमच्याकडून बुद्धिबळ शिकला तो.

मी शनिवारी येते. पण माझ्यासाठी थांबू नका, सकाळी ओपीडी लवकर गाठा.

तुमची,
ताई

ता. क. आधार कार्ड, दहावीचा दाखला (जन्मतारखेसाठी) आणि तिच्या आईचं आधार बरोबर असू द्या. सोनोग्राफीसाठी पाणी पिऊन जायला सांगा. आई, तुझ्या बीपीच्या गोळ्या पर्समध्ये ठेव, तिथे अर्धा दिवस मोडेल.