सूचना : कॉलेजच्या जुन्या इमारतीची भेगतपासणी, येत्या रविवारी सकाळी ६ वाजता

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, परिसराच्या पुनर्विकासाचा आराखडा काढण्याआधी जुन्या इमारतीच्या भेगा तपासायच्या आहेत. ऊन चढायच्या आत आटोपू, म्हणून सहाची वेळ.

आपली जमीन काळी. उन्हाळ्यात आटते, पावसाळ्यात फुगते, आणि पाया तिच्यासोबत हलतो. म्हणून प्रत्येक मोठ्या भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी ठेवून दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवायची, त्यावर तारीख लिहायची. आधी तिथला रंग खरवडा. नाही तर पट्टी न तुटताच सुटून येते आणि काहीच कळत नाही. पट्टी तुटली तर भेग जिवंत, म्हणजे अजून हलते आहे. दुसरी पाहणी पोळ्यानंतर. तोवर नव्या इमारतीची जागा ठरवायची घाई नको.

चुन्याच्या भिंतींवरचा सिमेंटचा गिलावा नाण्याने ठोकून पाहा, पोकळ वाजलं तिथे खडूने गोल करा. सिमेंट आतली ओल अडवतं, चुना भुसभुशीत होतो. तिथे पुन्हा सिमेंट नाही, कंत्राटदार काहीही म्हणो.

छतावर चढू नये, इंग्रजी कवेलू (कौलं) पायाखाली फुटतात. टेप, खडू, टॉर्च सोबत आणावे.