मंत्रीमहोदय, मैदानात चार कड्या बसवून द्याल का?

मा. युवा सबलीकरण व क्रीडा मंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळुरू यांस,

सप्रेम नमस्कार.

हिवाळी अधिवेशनासाठी तुम्ही सुवर्णसौधात येता तेव्हा बेळगावात निवेदनांचे ढीग पडतात. त्या ढिगात माझा कागद तळाशी जाईल, म्हणून हे उघड पत्र. मागणी लहान आहे. जिल्ह्याच्या मैदानात, गोळाफेकीच्या वर्तुळाजवळ, काँक्रीटमध्ये पक्क्या रोवलेल्या चार लोखंडी कड्या हव्या आहेत.

कड्या कशाला, ते सांगतो. माझ्या घराच्या मागच्या पडवीत एक लोखंडी खुर्ची आहे. उद्यमबागेतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतली. त्याला आधी वाटलं, सलूनची खुर्ची पाहिजे. मग मी नियम समजावला. बैठक गादीसकट ७५ सेंटिमीटरपेक्षा उंच चालत नाही, हातात धरायचा दांडा तसूभरही हलता कामा नये, आणि गोळा पडून तिथं खूण होईपर्यंत माझं ढुंगण बैठकीवरून उचललं गेलं तर फेक बाद. हो, पंच तेच बघत बसतात. मी एफ ५७ या, पायांनी अधू असलेल्यांच्या गटात बसून चार किलोचा गोळा फेकतो. अंगातला सगळा जोर लावला की खुर्ची उलट्या दिशेला सरकते, म्हणून ती पट्ट्यांनी चारी बाजूंनी जमिनीला आवळावी लागते. आवळायला जमिनीत कडी लागते. ती नाही.

म्हणून मी सराव येळ्ळूर रस्त्यावर मित्राच्या शेतात करतो. खुर्ची त्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला बांधतो. सुगीच्या दिवसांत ट्रॉली भाताच्या पेंढ्या वाहायला जाते, तेव्हा माझा सराव बंद. तो बिचारा विचारतो, ‘आज किती वेळ लागंल रे तुला?’ मी काय सांगू!

गेल्या वर्षी एका मंडळानं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, आणि निवेदकानं दिलेली पदवी, ‘अष्टपैलू क्रीडापटू’. पोहणं, पॉवरलिफ्टिंग, गोळा, थाळी, अशी यादी त्यानं वाचली आणि टाळ्या पडल्या. त्या यादीमागचं खरं आज लिहितो.

मी दोन वर्षांचा असताना पोलिओनं डावा पाय गेला. आज्जानं कमरेला वाळका भोपळा बांधून विहिरीत सोडलं. पाण्यात पायाचा हिशेब कुणी मागत नाही, हे मला तिथं कळलं. विशीत राज्य स्पर्धेत पदकं आली. पण शहरातल्या ज्या तलावात सराव करायचो, तिथली शिडी सरळ उभी, स्टीलची, गुळगुळीत. ती चढायला दोन पाय लागतात. दोन्ही हातांनी अंग ओढून काठावर यायचो आणि गुडघे सोलून घ्यायचो. पुढं हुकूम निघाला की सोबत धडधाकट माणूस असेल तरच आत सोडायचं. रोज पहाटे साडेपाचला माझ्यासाठी माणूस कुठून आणू? पोहणं सुटलं.

मग पॉवरलिफ्टिंग. दंड बरे होते, कुबड्यांनीच घडवलेले. साधा माणूस बेंचवर आडवा होऊन पाय जमिनीत रोवतो आणि तोल सांभाळतो. आमचे पाय रोवणार कशात? म्हणून आमचा बेंच वेगळा असतो, लांबीला २१० सेंटिमीटर, रुंदीला ६१, पायही वर घेऊन पट्ट्यानं बांधायचे. जिममधला बेंच त्याच्या निम्म्या रुंदीचा. एकदा वजनं चढवलेल्या दांड्यासकट मी डावीकडं कलंडलो. हाड मोडलं नाही एवढंच. जिमच्या मालकानं दुसऱ्या दिवशी हात जोडले, त्यालाही दोष देत नाही.

तेव्हा गोळा. म्हणजे अष्टपैलूपणा असा, साहेब. एक दार लागलं की पुढच्या दाराशी जाऊन उभं राहायचं.

आता कुणी म्हणेल, थोर खेळाडूही अनेक खेळ खेळलेच की. खेळले. पुण्याच्या एसटीत बसलं की पेठ नाका लागतो, त्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. आधी लष्करातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. १९६८ ला तेल अवीवमध्ये टेबल टेनिस खेळले आणि १९७२ ला हायडेलबर्गमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण आणलं. त्याच स्पर्धेत भालाफेक आणि व्हीलचेअरची स्लॅलम, म्हणजे अडथळ्यांतून वळणं घेत जायची शर्यतही केली. पद्मश्री मात्र २०१८ साली. आपल्या राज्यातल्या मालती होळ्ळा गोळा, थाळी, भाला आणि व्हीलचेअरची शर्यत, सगळ्यांत उतरल्या. पेटकरांचं पोहणं लष्करी रुग्णालयात उपचार म्हणून सुरू झालं, म्हणजे तलाव होता आणि पाण्यात उतरवणारे हातही होते. नवा खेळ जोडणं वेगळं आणि हातातला सोडावा लागणं वेगळं. माझी बरोबरी त्यांच्याशी नाही, माझ्या सुटलेल्या खेळांची तर मुळीच नाही.

दर खेळाला वर्गीकरण, म्हणजे अपंगत्व तपासून गट ठरवणं, नव्यानं. पोहण्यातला गट गोळ्याला चालत नाही. तपासणीला बेंगळुरूला जायचं, म्हणजे राणी चन्नम्मानं रात्रभराचा प्रवास, अपंगांच्या डब्यात आधीच बसलेल्या धडधाकटांशी भांडण, आणि सकाळी स्टेशनवर तोंड धुऊन थेट तपासणी. आखडलेल्या पायानं. तिथं फॉर्म कानडी आणि इंग्रजीत. कानडी मी वाचतो, बोलतो. पण खानापूरच्या जंगलपट्ट्यातून आलेल्या पोराच्या आईला ते कोण वाचून दाखवणार? कानडी कागदावर मी ‘विकलचेतन’, मराठी कागदावर ‘दिव्यांग’, गल्लीत लंगडा. तिन्ही नावांना ओ देतो. एकदा एका अधिकाऱ्यानं सुचवलं, ‘मराठी ना तुम्ही? महाराष्ट्रातून खेळा.’ कोल्हापुरात विचारलं तर म्हणाले, प्रमाणपत्र कर्नाटकचं आहे. खरंच आहे ते. जन्म इथला, रेशनकार्ड इथलं, आणि छातीवर कर्नाटकाचं नाव लावून मी खेळलोय, अभिमानानं. हे पत्र सीमाप्रश्नाचं नाही, तसं कुणी वाचू नये.

दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा तुमच्या खात्याला ठाऊक असेलच. त्याचं ३० वं कलम फक्त खेळांबद्दल आहे, सोयी आमच्या जोगत्या करा असं सरकारला सांगणारं. २०२४ ला पॅरिसहून २९ पदकं आली तेव्हा सगळ्या पक्षांचे फलक लागले. त्यात एफ ५७ चं गोळाफेकीचं कांस्यही होतं, सुरुंगात पाय गमावलेले जवान होकाटो सेमा यांचं. आमच्या बेळगावात तर मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, घराघरात जवान. त्यांच्यातला कुणी उद्या जायबंदी होऊन परतला आणि त्याला गोळा फेकावासा वाटला, तर त्यालाही मी ट्रॉलीचाच पत्ता देऊ?

कड्यांसोबत तलावाला कठडा असलेल्या रुंद पायऱ्या, एक ६१ सेंटिमीटरचा बेंच, आणि वर्षातून एकदा वर्गीकरणाचं शिबिर बेळगावात, निदान हुबळीत, एवढं झालं तर उत्तमच. पण सुरुवात कड्यांपासून करा, त्या सगळ्यात स्वस्त आहेत.

आमच्या वडगावात चौदा वर्षांची एक पोर आहे. उजवा हात कोपरापासून नाही. धावते छान, डाव्या हातानं भिरकावलेला दगड तर नाल्यापार जातो. परवा माझी स्कूटर अडवून म्हणाली, ‘काका, कुठं जाऊलालाय? मी कुठला खेळ घेऊ सांगा की.’ तुला आवडेल तो, असं ओठांवर आलं होतं. पण म्हणालो, ‘ज्याचं सामान गावात मिळंल, तो घे.’ ती हिरमुसली नाही. सामानाची यादी मागितली तिनं. ती अजून मी दिलेली नाही.

कड्यांचं माप घ्यायला तुमचे इंजिनिअर आले तर खुर्ची घेऊन मैदानात येतो. तेवढं सकाळी बोलवा. दुपारी चारनंतर मला पिग्मीचे, म्हणजे लोकांच्या रोजच्या बचतीचे पैसे जमा करायला बाजारात फिरावं लागतं.

आपला,
वडगाव, बेळगाव येथील एक गोळाफेकपटू