मुंबईत बटाटा लावायचा तर पेंढ्या-पाल्यात लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी बटाटे लावण्यावर लेख आला होता. त्यात सरी-वरंबा (चर आणि मातीचे उंचवटे), गोणपाट, पालापाचोळा आणि जाळीचा उंच मनोरा अशा चारही पद्धती सविस्तर दिल्या आहेत. मात्र मुंबईत कोणती आणि कधी, हे त्यात नाही. आमच्या मुलुंडमध्ये तो लेख वाचून दोघी-तिघींनी बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, कुठे मिळेल म्हणून मला विचारलं, तेव्हा हे पत्र लिहावंसं वाटलं. माझं माहेर आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचं. तिथे पावसाळी बटाटा हेच मुख्य पीक, त्यामुळे बटाटा लहानपणापासून हाताखालचा. इथे तळमजल्यावर राहते आणि इमारतीच्या मागच्या पट्टीत दर हिवाळ्यात थोडा लावते.

पहिली गोष्ट वेळेची. पठारावर जून-जुलैत लागवड होते, कारण तिथली उंची आणि निचऱ्याची जमीन. ते पाहून इथे पावसात बेणं पुरलं तर ते कुजणारच. बटाटा पोसायला रात्रीचा गारवा लागतो. रात्रीचं तापमान वीस अंशांच्या खाली आलं की तो चांगला धरतो, माती तापली की नुसता पाला वाढतो. मुंबईत असा गारवा जेमतेम डिसेंबर-जानेवारीत मिळतो, तोही कुलाब्यापेक्षा मुलुंड-बोरिवलीकडे जास्त. मार्चचा उन्हाळा गाठायच्या आत काढणी व्हायला हवी. म्हणून तुळशीच्या लग्नाच्या सुमारास लावायचा, तोही कुफरी चंद्रमुखी या वाणासारखा ऐंशी-नव्वद दिवसांत तयार होणारा.

आता पद्धतींचं. ज्यांच्याकडे मोकळी जमीन आहे त्यांनी सरी-वरंबाच करावा, त्यात वाद नाही. रोप वीतभर झालं की दोन्ही बाजूंनी मातीची भर द्यायची. बटाटे बेण्याच्या वरच्या अंगाला, खोडाच्या जमिनीतल्या भागाला फुटणाऱ्या पांढऱ्या दोऱ्यांच्या टोकांना धरतात. भर कमी पडली की ते उघडे पडून हिरवे होतात, आणि हिरवा बटाटा खायचा नसतो.

पण इमारतींच्या मागे माती कुठली, बांधकामाचा राडारोडाच जास्त. तिथे कुदळ चालत नाही. अशा जागी मी जमीन न खणता, वर दोन-तीन बोटं शेणखत पसरून त्यावर मोड आलेलं बेणं ठेवते आणि वरून हातभर पाला टाकते. पाला दबतो, म्हणून दर आठवड्याला आणखी घालावा लागतो. या पद्धतीचा मुंबईत खरा फायदा असा, की दुपारी शेजारची उघडी माती चटका देते तेव्हाही पाल्याखाली हात घातला तर ओल आणि गारवा लागतो. जानेवारीत पाला हलकेच बाजूला केला तर त्या दोऱ्यांच्या टोकाला वाटाण्याएवढे, मग लिंबाएवढे बटाटे दिसतात. हवे तेवढे काढून घ्यायचे आणि पाला परत सारखा करायचा.

पाला कोणता, हेही महत्त्वाचं. जंगली बदामाची पानं मोठी आणि चिवट, एकावर एक बसली की कौलांसारखं पाणी बाहेर ओघळवतात, ती फाडूनच घालावीत. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं उत्तम. कल्याण-भिवंडीकडे कोणी ओळखीचं असेल तर भाताची कापणी बटाट्याच्या लागवडीच्याच सुमारास होते, पेंढ्याचे दोन भारे मागून घ्यावेत. एकच त्रास, घुशी आणि उंदीर. आमच्याकडे कडेने बारीक जाळी पुरावी लागली.

गच्ची किंवा बाल्कनी असेल तर गोणपाट बरं. तोंड दुमडून तळाशी वीतभर माती-खत, त्यावर तीन तुकडे, आणि रोप वाढेल तशी गोणी उलगडत भर. काळी प्लॅस्टिकची पिशवी उन्हात तापते, ओलं गोणपाट गार राहतं. उंच मनोऱ्याच्या नादाला मात्र कोणी लागू नये. लवकर येणाऱ्या वाणांना बटाटे बेण्याच्या आसपासच धरतात, कमरेएवढी माती चढवली म्हणून थरावर थर लागत नाहीत. शिवाय जाळीच्या कडा इथल्या उन्हात वाळून जातात.

संपादक महोदय, माझं खरं मागणं पाल्याविषयी आहे. आपल्याकडे पानगळ जानेवारी ते मार्चमध्ये होते आणि पाला लागतो नोव्हेंबरमध्ये. त्यामुळे तो साठवावाच लागतो. पण ढिगारे दिसले की सोसायट्यांमध्ये ते पेटवून देतात. त्या धुराने आमच्या शेजारच्या आजींना रात्रभर खोकला येतो, हे मी दर वर्षी पाहते. तोच पाला गोण्यांत दाबून जिन्याखाली ठेवला तर पावसाळ्यानंतर अर्धवट कुजलेला, पाणी धरून ठेवणारा माल हातात येतो. सोसायट्यांच्या समित्यांनी एक कोपरा यासाठी द्यावा, असं आपल्या वर्तमानपत्राने आवर्जून सांगावं. आणि बागेवरच्या लेखांसोबत मुंबईचा महिनावार तक्ताही द्यावा.

बेणं उजेडात पण सावलीत पंधरा दिवस मोडाला ठेवावं लागतं. मोठा बटाटा असेल तर प्रत्येक तुकड्यावर दोन-तीन डोळे ठेवून कापायचा आणि काप दोन-तीन दिवस सुकू द्यायचा. तेव्हा हे पत्र छापणार असाल तर ऑक्टोबर संपायच्या आत छापावं, ही विनंती.

आपली,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई