‘ड’ जीवनसत्त्व आणि स्तनांचा कर्करोग: वैशालीस पत्र

शिकागो

प्रिय वैशाली,
सप्रेम नमस्कार.

मासिकासाठी तू लिहिलेल्या लेखाचा मसुदा मन लावून वाचला. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रिया स्तनांच्या कर्करोगाने अधिक दगावतात, याचे मूळ तू त्यांच्यातील ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत शोधले आहेस. लेख छापायला जाण्याआधी या एका मुद्द्यावर तुला थांबवावे, असे मला मनापासून वाटते.

कमतरता खरीच आहे. त्वचेतील मेलॅनिन सूर्याचे अतिनील किरण शोषून घेते, त्यामुळे गडद त्वचेला तेवढेच ‘ड’ तयार करायला उन्हात अधिक वेळ लागतो; त्यातून आमच्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्य इतका तिरपा असतो की भर दुपारीही ते जवळजवळ कोणाच्याच त्वचेत तयार होत नाही. २००५-०६च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे ८२ टक्के कृष्णवर्णीय प्रौढांमध्ये ते कमी आढळले. बोस्टन विद्यापीठ १९९५ पासून सुमारे ५९ हजार कृष्णवर्णीय स्त्रियांचा मागोवा घेत आहे. त्या अभ्यासातही कमी ‘ड’ आणि वाढलेला धोका यांचा संबंध दिसला. पण स्थूलपणामुळे रक्तातील ‘ड’ कमी होते आणि पाळी गेल्यानंतर स्तनांच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो, म्हणून नुसत्या संबंधावर विसंबता येत नाही. ‘व्हायटल’ या चाचणीत २५,८७१ जणांपैकी निम्म्यांना रोज २,००० युनिट ‘ड’ पाच वर्षांहून अधिक काळ दिले गेले. एकूण सहभागींत पाच हजारांवर कृष्णवर्णीय होते. तरीही स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण घटले नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तुझ्या लेखात आलेलीच नाही. हा आजार कृष्णवर्णीय स्त्रियांना गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमीच होतो. मृत्यूचे प्रमाण मात्र जवळपास ३८ टक्क्यांनी जास्त आहे. आणि १९८०च्या सुमारास हे प्रमाण दोन्हींकडे साधारण सारखेच होते! त्वचेचा रंग तेव्हाही हाच होता आणि हिवाळाही असाच होता. त्यानंतर मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) आली, इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा गाठीवरील परिणाम रोखणारी टॅमॉक्सिफेनसारखी औषधे रुळली, आणि ती सर्वांपर्यंत सारखी पोहोचली नाहीत. ट्रिपल निगेटिव्ह गाठी, म्हणजे संप्रेरकांना प्रतिसाद न देणाऱ्या एका प्रकारच्या गाठी, कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये सुमारे दुप्पट आढळतात आणि त्यांवर टॅमॉक्सिफेन चालत नाही, हे खरे. पण ज्या गाठींवर ते चालते, त्यांतही मृत्यूंची तफावत आहेच.

मी मॅमोग्राफी करते त्या दवाखान्यात शहराच्या दक्षिण भागातून एक बाई आल्या होत्या. आधीच्या ठिकाणच्या फिल्मवर संशयास्पद सावली होती, पण पुढची तपासणी दुसरीकडे आणि बायोप्सी तिसरीकडे होणार होती. त्या तासाच्या मजुरीवर काम करत असल्यामुळे प्रत्येक खेपेला पगार कापला जाई, आणि दोन बस बदलून पोहोचावे तर तारीख पुढे गेलेली असे. त्यात कित्येक महिने गेले. त्यांच्या पर्समध्ये ‘ड’च्या गोळ्यांची बाटली होती आणि त्या नेमाने घेत असल्याचे त्यांनी मला आवर्जून सांगितले. मला फार वाईट वाटले, कारण त्यांच्या हातात जेवढे होते तेवढे त्या करतच होत्या. स्तनांच्या कर्करोगातील ही तफावत दूर करण्यासाठी २००७ साली इथे शिकागोत उभ्या राहिलेल्या कृती गटाने हेच दाखवून दिले होते: तपासणीची सोय अपुरी, फिल्म वाचणाऱ्यांचा दर्जा असमान आणि उपचार उशिरा. पुढे या शहरातील तफावत काही अंशी कमीही झाली, आणि ती गोळ्यांनी झालेली नाही.

हाडांसाठी ‘ड’ हवेच. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या कोणी बंद कराव्यात, असे मी म्हणत नाही. तुझा ‘ड’वरचा परिच्छेदही राहू दे, पण १९८०नंतर काय घडले ते त्याच्या आधी येऊ दे, आणि तुझ्या लेखाच्या शीर्षकातून ‘कारण’ हा शब्द काढून टाक. सुधारलेला मसुदा पाठवलास तर मी आकडे पुन्हा तपासून देईन.

तुझी,
माधुरी