सिबेलियस थंड नाही, आधी पंखा बंद करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

फिनलंड, एस्टोनिया, लाटव्हिया या भागातल्या सिंफन्या (पूर्ण वाद्यवृंदासाठीच्या, सहसा तीन-चार भागांच्या रचना) ऐकून 'काही पोचलं नाही' म्हणणारे श्रोते गोव्यात पुष्कळ भेटतात. त्यात मोझार्ट-बेथोवन आवडीने ऐकणारे आहेत, चर्चच्या संगीतशाळेत सोल्फेज (पाश्चात्त्य सरगम) घोकून व्हायोलिन हाती घेतलेले आहेत आणि म्हार्दोळला रात्रभर नाट्यसंगीत ऐकायला बसणारेही आहेत. म्हणजे कान कच्चे आहेत असं म्हणायची सोय नाही. आमच्या मते बहुतेक वेळा दोष संगीताचा नसतो. रेकॉर्डिंग चुकीचं निवडलेलं असतं, नाहीतर ते लावलेलं चुकीचं असतं. आपल्या पत्राच्या रकान्यात यावर थोडं तपशिलात लिहायची मुभा द्यावी.

फिनलंडचा संगीतकार सिबेलियस याची १९११ सालची चौथी सिंफनी घ्या. सेलो, डबल बास आणि बासून खर्जात चार स्वर उचलतात: सा, रे, तीव्र म, ग. (षड्ज कुठला धरायचा हा वाद तूर्त बाजूला ठेवू.) कल्याणाची ओळख पटते न पटते तोच अंधारून येतं. पाश्चात्त्यांना खटकणारं हे सा ते तीव्र मध्यमाचं अंतर आपल्याला रोजचं, त्यामुळे खरं तर ही सिंफनी आपल्याला त्यांच्यापेक्षा सोपी जायला हवी. पण सेलोच्या सगळ्यात खालच्या तारेचा स्वर साधारण ६५ हर्ट्झचा असतो आणि डबल बास त्याच्याही एक सप्तक खाली जातो. मोबाइलच्या स्पीकरमधून यातलं जवळजवळ काहीच येत नाही. मुठीएवढ्या ब्लूटूथ डब्यातून जे येतं ती त्या स्वरांची सावली. त्यावर छताचा पंखा, त्यावर पत्र्यावरचा पाऊस. ऐकणारा म्हणतो, सुरुवातीला काही घडतच नाही.

म्हणून पहिली गोष्ट: वायरचे, कान झाकणारे हेडफोन, नाहीतर निदान सहा इंची वूफर (खर्जाचा स्पीकर) असलेले स्पीकर. दुसरी: पंखा बंद. मे महिन्यात हे सांगणं क्रूरपणाचं आहे हे मान्य, पण त्याला उपाय डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री ऐकणं हाच आहे. चिऱ्याच्या भिंती आणि खाली लादी असलेल्या खोलीत आवाज घुमतो. जमिनीवर चटई-सतरंजी आणि स्पीकरसमोरच्या भिंतीवर जाड पडदा एवढ्यानेही फरक पडतो.

आवाजाची पातळी ठरवताना सर्रास एक चूक होते. सुरुवात हळू असते म्हणून लोक बटण वर नेतात, मग दहाव्या मिनिटाला पितळी वाद्यं अंगावर येतात, की बटण खाली, आणि पुढचं सगळं बुडतं. उलटं करावं. शेवटच्या भागातला सगळ्यात मोठा उठाव आधी वाजवून पाहावा, तो सोसेल तिथे बटण ठेवावं, आणि मग पहिल्यापासून लावून परत हात लावू नये. स्वीडनच्या बिस या ध्वनिमुद्रण कंपनीच्या तबकड्यांना हे विशेष लागू आहे. ते हळू-मोठ्याचं मूळ अंतर दाबत नाहीत, आणि त्यांच्याकडच्या फिनलंडमधल्या लाहती वाद्यवृंदाच्या रेकॉर्डिंगमध्ये संचालक ओस्मो व्हॅन्स्का तारवाद्यांना इतकं हळू वाजवायला लावतो की नवखा माणूस मशीन बंद पडलं समजतो.

मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये तीन खटके पाहावेत. 'नॉर्मलायझेशन' बंद, कारण एकेका ट्रॅकची पातळी सारखी करताना ते हळू ट्रॅक वर आणि मोठे ट्रॅक खाली ओढतं. 'क्रॉसफेड' (एक ट्रॅक संपता संपता त्यावर पुढचा चढवणं) बंद. 'गॅपलेस' (दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडणं) चालू. सिबेलियसच्या दुसऱ्या सिंफनीत तिसरा भाग न थांबता चौथ्यात शिरतो. चढत चढत आलेल्या त्या उंबरठ्यावर अर्ध्या सेकंदाची जरी खाच पडली तरी सगळी मेहनत वाया. एमपीथ्री फायलींच्या टोकांना कोरी जागा चिकटलेली असते, तिथे ही खाच सहज पडू शकते. फ्लॅक या, आवाजातलं काही न गाळणाऱ्या फायलीत पडत नाही. घरी सीडी लिहिताना 'ट्रॅक-अ‍ॅट-वन्स' निवडलं तर दर ट्रॅकमागे दोन सेकंदांची शांतता घुसते, तेव्हा 'डिस्क-अ‍ॅट-वन्स' निवडावं. सातवी (१९२४) तर सबंध एकाच भागाची, वीस-बावीस मिनिटांची. काही सीडींवर ती सोयीसाठी चार ट्रॅकमध्ये तोडलेली असते, आणि शफल चालू राहिलं की अंतऱ्यातून मुखडा, मुखड्यातून तान असा खेळ होतो.

क्रॉसफेडचं खरं पाप कळतं ते पाचव्या सिंफनीच्या अखेरीस. संपूर्ण वाद्यवृंदाचे सहा आघात, आणि दोन आघातांच्या मध्ये निव्वळ शांतता. ही शांतता मोजून लिहिलेली आहे, समेच्या आधी श्वास रोखावा तशी. क्रॉसफेड चालू असेल तर नेमक्या त्या रिकाम्या जागेत पुढच्या गाण्याचा तबला ऐकू येतो.

याच पाचवीत आवृत्तीचा घोटाळा आहे. सिबेलियसने ती पन्नासाव्या वाढदिवशी, ८ डिसेंबर १९१५ला, हेलसिंकीत पहिल्यांदा सादर केली तेव्हा ती चार भागांची होती. १९१६ला एकदा आणि १९१९ला पुन्हा त्याने ती मोडून बांधली. आज जगभर वाजते ती १९१९ची, तीन भागांची. ते सहा आघात असे सुटे उभे राहिले ते याच रूपात. १९१५चं रूप लाहती वाद्यवृंदाने १९९५ मध्ये ध्वनिमुद्रित केलं. अभ्यासाला ते अनमोल, पण पहिल्यांदा ऐकायला घेऊ नये. अ‍ॅपवर दोन्हींचं नाव 'सिंफनी क्रमांक ५' एवढंच दिसतं. भाग चार आहेत की तीन ते मोजलं की उलगडा होतो. शेवटच्या भागात हॉर्न डोलत्या झोपाळ्यासारखी जी धून धरतात ती सिबेलियसला राजहंसांशी जोडलेली वाटे. २१ एप्रिल १९१५च्या रोजनिशीत त्याने सोळा राजहंस पाहिल्याची नोंद आहे.

आठवी सिंफनी कुणी विकत असेल तर घेऊ नका. हस्तलिखित त्याने स्वतःच १९४०च्या दशकात जाळलं. उरलेल्या कच्च्या टिपणांतले काही मिनिटांचे तुकडे २०११ मध्ये हेलसिंकीत वाजवले गेले, बस.

आता कोणतं रेकॉर्डिंग? सिबेलियसचा मित्र, वाद्यवृंद-संचालक रॉबर्ट कायानुस याने १९३० मध्ये लंडनला पहिल्या दोन, आणि १९३२ मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून तिसरी व पाचवी लाखेच्या तबकड्यांवर उतरवली. बारा इंची तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांची, म्हणजे मोठ्या सिंफनीला पाच-सहा तबकड्या. आपल्याकडचे गवई तेव्हा अख्खा ख्याल साडेतीन मिनिटांत बसवत. तिकडे संगीत तसंच ठेवून मधेच कापत. आजच्या सीडीवर ते सांधे जोडलेले असतात, पण कान लावला तर खरखरीचा पोत बदललेला कळतो. खर्ज कमी, सूंसूं भरपूर, तरीही लय कुठे रेटायची आणि कुठे सोडायची हे कायानुसकडूनच शिकावं. दुसरी सिंफनी साधारण ४३-४५ मिनिटांची असते. संचालक बर्नस्टाइनने व्हिएन्नात ती पन्नाशीपार नेली. भव्य आहे, पण आमच्या मते ती बर्नस्टाइनची दुसरी आहे.

फिनिश संचालक पाव्हो बेर्ग्लुंडने सातही सिंफन्या तीन वेळा ध्वनिमुद्रित केल्या: इंग्लंडमधला बोर्नमथ वाद्यवृंद, मग हेलसिंकी फिलहार्मोनिक, मग चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोप. छापील प्रतींतल्या चुका मूळ हस्तलिखितांशी ताडून दुरुस्त करणारा हा माणूस. तिसऱ्या संचात तारवाद्यं कमी असल्याने बासरी, ओबो, बासून झाकले जात नाहीत. घरात छोटे स्पीकर असतील तर हाच संच घ्यावा. मोठ्या वाद्यवृंदाचा गलबला छोट्या स्पीकरवर नुसता चिखल होतो. गाता, उबदार सिबेलियस हवा असेल तर संचालक बार्बिरोली आणि त्याचा हॅले वाद्यवृंद. सहावी (१९२३) मात्र कुणाचीही घ्या: तिचा पाया डोरियन ही स्वरावली, म्हणजे आपला काफी थाट, आणि सुरुवातीची तारवाद्यं ऐकताना गोव्यातल्या श्रोत्याला कसलीही प्रस्तावना लागू नये. चौथीच्या शेवटच्या भागात मात्र एक गोष्ट ताडून पाहा. स्वरलेखनात नुसतं 'घंटा' असं लिहिलेलं आहे. कुणी नाजूक ग्लॉकेनस्पील (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य) वाजवतं, कुणी लांब नळ्यांच्या घंटा. दोन रेकॉर्डिंग शेजारी ठेवलीत तर वाद्यच बदललेलं आढळेल, आणि रेकॉर्डिंग बिघडलेलं नसेल.

सिबेलियसच्या सावलीत दुसरा फिनिश संगीतकार माडेतोया झाकला गेला. त्याच्या तीनच सिंफन्या उरल्या. चौथीचं हस्तलिखित १९३८ मध्ये पॅरिसच्या रेल्वे स्थानकावर चोरीला गेलं. तिसरी (१९२६) हसरी आणि नेटकी आहे, फिनिश संगीताची सुरुवात तिथून केली तरी हरकत नाही. नंतरच्या पिढीतल्या फिनिश राउताव्हाराची सातवी, 'एंजल ऑफ लाइट' (१९९४), ओंदिने कंपनीच्या, संचालक सेगेरस्तामच्या रेकॉर्डिंगमध्ये घ्यावी. हा सेगेरस्ताम स्वतः तीनशेहून जास्त सिंफन्या लिहून गेला. त्या संचाच्या वाटेला जाण्याचा सल्ला आम्ही देणार नाही.

बाल्टिककडे वळलं की खरी गंमत. एस्टोनियाचा संगीतकार एदुआर्द तुबिन १९४४ मध्ये होडीने स्वीडनला पळाला. त्याच वर्षी तालिनच्या बॉम्बहल्ल्यात त्याच्या चौथ्या सिंफनीचं हस्तलिखित होरपळलं होतं. त्याच्या पूर्ण झालेल्या दहा सिंफन्या आणि अकरावीचा तुकडा संचालक नेमे यार्वीने बिससाठी १९८०च्या दशकात नोंदवला. वाद्यवृंद वेगवेगळे असल्याने एका तबकडीवरून दुसरीकडे जाताना पातळी नव्याने लावावी लागते. सुरुवात पाचवीपासून (१९४६) करावी. एस्टोनियाच्याच आर्व्हो पेर्तच्या बाबतीत उलट सावधगिरी: ध्यानाला लावतात तो शांत पेर्त नंतरचा. त्याची दुसरी सिंफनी (१९६६) लावलीत तर मुलांची चूं-चूं वाजणारी खेळणी ऐकू येतील. तो मालाचा दोष नव्हे, स्वरलेखनातच तसं आहे. लाटव्हियाच्या पेतेरिस वास्क्सची 'व्हॉइसेस' (१९९१) नुसत्या तारवाद्यांची, पहिला भाग इतका अलवार की फ्रिजची घरघरसुद्धा आड येते.

जुन्या तबकड्यांचा प्रश्न गोव्यात वेगळा आहे. पावसाळ्यात कागदी आतल्या पाकिटाला बुरशी धरते आणि ती खाचांत उतरते. पाकीट टाकून द्यावं, पॉलिथिनचं घालावं, तबकड्या उभ्या आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब ठेवाव्यात. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की संपले. ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोनेक तास तापवले की पुन्हा निळे होतात. जुलैत हे वरचेवर करावं लागतं. बुरशी आधी बाहेर अंगणात, तोंडाला फडकं बांधून मऊ ब्रशने झाडावी. मग डिस्टिल्ड पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घालून मऊ कापडाने खाचांच्या दिशेने गोल पुसावं, मधलं लेबल कोरडं ठेवून. लाखेच्या ७८च्या तबकडीला मात्र अल्कोहोलचा थेंबही लावू नये. लाख विरघळते आणि तबकडी कायमची जाते. तिला नुसतं डिस्टिल्ड पाणी, लगेच कोरडं कापड. सुईही वेगळी लागते, साधारण तीन सहस्रांश इंचाची. एलपीची बारीक सुई रुंद खाचेच्या तळाला घासते आणि फक्त खरखर वाचते.

जाता जाता वाचनालयांना आणि संगीतवर्गांना एक विनंती. देणगीत आलेल्या तबकड्यांची नोंद नुसती 'सिबेलियस, सिंफनी' अशी होते. नोंदीत संचालक, वाद्यवृंद, ध्वनिमुद्रणाचं साल, आवृत्ती आणि एकूण मिनिटं असावीत. सोव्हिएत काळात आलेल्या मेलोदिया कंपनीच्या एलपींत लाटव्हियाच्या यानिस इवानोव्ससारख्यांच्या सिंफन्या सापडू शकतात. लेबल रशियन लिपीत असलं म्हणून त्या बाजूला सारू नयेत. क्रमांकाआधी रोमन सीसारखं अक्षर असेल तर स्टीरिओ, घरासारखं दिसणारं असेल तर मोनो. आणि लेबलवर गॉस्ट (सोव्हिएत सरकारी मानक) ५२८९ या आकड्याला जोडून ६८, ७३ किंवा ८० छापलेलं असतं, ते मालाच्या सरकारी मानकाचं साल आहे. ते ध्वनिमुद्रणाचं साल म्हणून वहीत चढवू नये.

आपले,
काही श्रोते, फोंडा